ज्याचा त्याचा ग्लास

फिर्मिनला फक्त बारा माणसांना बिअर चाखायला द्यायची होती. बारा! यात कुणाचं काय बिघडणार होतं, असं त्याने नंतर गावात बऱ्याच जणांना विचारलं, आणि दुर्दैव असं की प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं.

बिअर त्याने स्वतः केली होती. निवृत्तीनंतर आमच्या लोवरगेम गावची पुरुषमंडळी सायकली दामटतात, कालव्यावर गळ टाकून बसतात, नाहीतर बायकोला बटाटे कसे सोलावेत हे शिकवायला जातात आणि बोलणी खातात. फिर्मिनने घरामागचं धुणंघर रिकामं केलं, शंभर लिटरचं पातेलं आणलं आणि दारावर पितळी पाटी लावली: ‘फिर्मिन दे बाकर आणि कंपनी, ब्रूअरी.’ कंपनी कुठे आहे, असं त्याच्या बायकोने, लुटगार्टने विचारलं तेव्हा त्याने तिच्याकडेच बोट दाखवलं. गावाने ती पाटी दोनदा वाचली आणि ब्रूअरीचं नाव ‘धुणंघर’ ठेवलं.

हिवाळाभर खपून त्याने तीन बिअर केल्या. सोनेरी, तपकिरी आणि सगळ्यात कडक ती ट्रिपल. सोनेरीत धने आणि कडू संत्र्याची साल, तपकिरीत करपवलेली साखर, आणि ट्रिपलमध्ये फिर्मिनचा स्वभाव, म्हणजे सगळंच जरा जास्त. बाटली बंद करताना आत एक चमचा साखर टाकायची असते, म्हणजे बिअर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते. एक चमचा, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. नगरपालिकेत चौतीस वर्षं नियमाबाहेर टाचणीसुद्धा न हलवलेल्या या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि दीड चमचा टाकला.

मे महिन्याच्या शेवटी चार दिवस कडक ऊन पडलं. पाचव्या दिवशी दुपारी धुणंघरात एकापाठोपाठ सात बाटल्या फुटल्या. लुटगार्टच्या वाळत घातलेल्या चादरी आत होत्या. पाहुण्यांसाठीच्या होत्या, कडेला भरतकाम केलेल्या. तिने त्या हातात धरून दारात उभ्या उभ्या सांगितलं, “दोनशे तेहेतीस उरल्यात. जत्रेच्या रविवारी गावाला बोलाव, प्यायला घाल, आणि मला माझं धुणंघर परत दे.”

“प्यायला घाल नाही, चाखायला दे म्हण,” फिर्मिन म्हणाला. “बिअर चाखतात.”

“चादरींनी चाखली आहे. त्यांना आवडलेली नाही.”

पण फिर्मिनच्या मनात वेगळंच होतं. चर्चसमोर गोडेलीवचा कॅफे आहे, गावातला शेवटचा. तिच्या काउंटरमागच्या फळीवर त्रेसष्ट जातींचे ग्लास मांडलेले असतात. ज्या बिअरचा जो ग्लास, त्यातच ती ओतायची. तो ग्लास दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात असेल तर गोडेलीव सांगते, “थांबा, नाहीतर दुसरी प्या.” एकदा एका घाईतल्या पाहुण्याने ‘कुठल्याही ग्लासात द्या’ असं म्हटलं. तिने त्याला बाहेर नेऊन स्टेशनचा रस्ता दाखवला. दोन वर्षांपूर्वी एक ब्रूअरी बंद पडली आणि फळीवर एका ग्लासाची जागा रिकामी झाली. ती एवढीशी जागा गोडेलीव रोज सकाळी पुसते, आणि फिर्मिन रोज सकाळी ती पुसताना बघतो. माणसाला कुणाला मंत्री व्हावंसं वाटतं, कुणाला चंद्रावर जावंसं वाटतं. फिर्मिनला चौसष्टावा व्हायचं होतं.

गोडेलीवने अट घातली होती. “जत्रेच्या रविवारी चाखव. तुझ्या स्वतःच्या ग्लासात. गाव हो म्हणालं तर जागा तुझी. नाही म्हणालं तर सोमवारी तिथे कॉफीचं यंत्र येतंय.”

“कॉफीचं यंत्र!” फिर्मिन असा ओरडला की तिथे शवपेटी ठेवणार आहेत की काय असं वाटावं.

तर, ग्लास. त्यावर गावाने जो सल्ला दिला तो ऐकला असता तर ब्रूअरीऐवजी काचकारखाना काढावा लागला असता. बेकरीवाली म्हणाली, तोंड रुंद हवं, नाहीतर नाक आत जात नाही. पोस्टमन म्हणाला, तोंड अरुंद हवं, नाहीतर वास उडून जातो. दोघं यावर बेकरीच्या दारातच भांडले आणि त्या दिवशी आमच्या गल्लीला पत्रंही उशिरा मिळाली आणि पावही. लुटगार्टचा धाकटा भाऊ एतियेन हा सल्ल्यांचा झरा आहे. त्याने स्वतः आयुष्यात काहीच सुरू केलेलं नाही, त्यामुळे त्याचं काहीच फसलेलं नाही. तो म्हणाला, “दाजी, दांडा लांब घ्या. लांब दांड्याने माणूस विचारी दिसतो.”

फिर्मिनने कुणाचंच ऐकलं नाही. त्याने स्वतः चित्र काढलं, आखूड दांडा, पोटाला जरा फुगीर, आणि वर उड्या मारणारा ससा. अठ्ठेचाळीस ग्लासांची मागणी पाठवली. जत्रेच्या दहा दिवस आधी खोकी आली. सगळी गल्ली जमली. फिर्मिनने पहिला ग्लास खोक्यातल्या पेंढ्यातून काढून उन्हात धरला. ग्लासावर दोन कबुतरं चोचीत चोच घालून बसली होती आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: ‘जोसियान आणि रुडी, पन्नास वर्षं एकत्र.’

अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस ग्लासांत जोसियान आणि रुडी एकत्र होते.

कारखान्याने फोनवर माफी मागितली. ससे समुद्रकाठी रुडीकडे गेले होते. फिर्मिनने रुडीला फोन लावला. रुडी फारच प्रेमळ निघाला. “अहो, ससा काय सुंदर आहे! आम्हाला वाटलं जावयाची काही गंमत असेल. पाहुणे आठवण म्हणून घरी घेऊन गेले. तुमची कबुतरं ठेवा तुम्ही, राहू द्या!” नवे ग्लास मिळायला सहा आठवडे लागणार होते.

“वापरा की हेच,” एतियेन म्हणाला. “कबुतरं काय वाईट आहेत?”

“माझी बिअर,” फिर्मिन एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “कुणा जोसियानच्या संसारात जाणार नाही. आणि चाखणं रविवारीच होणार. होणार म्हणजे होणार!” शेवटी लुटगार्टनेच तोड काढली. चर्चच्या सभागृहात साधे, बिनानावाचे ग्लास भाड्याने मिळतात. गोडेलीवने तासभर विचार केला, दोन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि म्हणाली, “कुणाचंच नाव नसेल तर तुझाच धरते. फक्त सगळे एकसारखे हवेत.”

उरलं काय? नगरपालिकेचा शिक्का. आणि नगरपालिका तर फिर्मिनचं दुसरं घर. ज्या खिडकीमागे बसून त्याने चौतीस वर्षं लोकांना परत पाठवलं, त्या खिडकीसमोर तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. आत आनेलीस होती. ती त्याच्याच हाताखाली तयार झालेली, आणि दुर्दैवाने चांगली तयार झालेली.

“साहेब! या, या. काय काम काढलंत?”

“काही नाही गं. रविवारी घरच्या बागेत बारा माणसं. चाखायला. एक शिक्का मार.”

आनेलीसने चष्मा लावला. “साहेब, ग्लास कोण देणार?”

“म्हणजे? मी देणार.”

“मग परिच्छेद सात लागतो. ‘ज्या मेळाव्यात यजमान पाहुण्यांना पेयपात्र पुरवतो, तो मेळावा सार्वजनिक मद्यालय समजावा.’ अर्ज सहा आठवडे आधी. तुमचा रविवार आठ दिवसांवर आहे.”

“भाड्याने आणतोय मी ग्लास!”

“तेही पुरवलेच, साहेब. पाहुणा स्वतःच्या मालकीच्या ग्लासातून प्यायला तरच ते घरगुती.”

फिर्मिनचा आवाज चढला. मागे रांगेत दोन म्हाताऱ्या होत्या, त्या पुढे सरकल्या. “असला मूर्ख नियम केला कुणी?”

आनेलीसने फाइल फिरवून त्याच्यासमोर धरली. खालची सही गोल, ठसठशीत आणि अतिशय आत्मविश्वासाने केलेली होती. ती फिर्मिनचीच होती.

हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. ते आठवायचं नाही असं त्याने ठरवलेलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी शेजारच्या ओमेरच्या गॅरेजमध्ये रविवारी दुपारी कबुतरांच्या शर्यती लावणारी मंडळी जमायची आणि बाटल्या उघडायची. परवाना वगैरे काही नव्हतं. फिर्मिन वही घेऊन गेला आणि त्याने टेबलावरचे ग्लास मोजले. एकतीस. ओमेर म्हणाला, हे माझे मित्र आहेत. त्यावर फिर्मिन म्हणाला, “मित्र असतील तर आपापला ग्लास घेऊन येतील.” हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की घरी येऊन त्याने त्याचा परिच्छेद सात केला. नगरसभेने तो एकमताने मंजूर केला आणि ओमेरचं गॅरेज बंद झालं. तेव्हापासून दोन घरांमध्ये कुंपणाची झुडपं आहेत. ओमेर आपली बाजू मंगळवारी कापतो आणि फिर्मिन गुरुवारी.

“मी रविवारी येऊन बघून जाईन, साहेब,” आनेलीस हळूच म्हणाली. “तुम्हीच शिकवलंय, रजेच्या दिवशीच बघायला जावं म्हणून.”

दुसऱ्या कुणी चाखण्याचा नाद सोडून दिला असता. फिर्मिन घरी आला आणि त्याने एक कागद लिहून फाटकावर डकवला: ‘रविवारी चार वाजता बिअर चाखणे. आपापला ग्लास आणावा. रद्द होणार नाही.’ शेवटच्या वाक्याखाली त्याने तीन रेघा ओढल्या.

तासाभरात गावात हलकल्लोळ झाला. कुणी घरातल्या मेलेल्या माणसाचे दात मागितले असते तरी लोक इतके घाबरले नसते. प्रत्येक घरात ग्लासांचं कपाट आहे, पण त्यातला प्रत्येक ग्लास कुठल्या ना कुठल्या बिअरचा. एतियेनने फोन केला, “दाजी, मठातले साधू बिअर करतात ना, त्या मठवाल्यांचा पेला आणू का? माझ्याकडे तोच चांगला आहे.”

“माझी बिअर मठवाल्यांच्या पेल्यात? लाज नाही वाटत?”

“मग पाण्याचा ग्लास आणतो.”

“पाण्याच्या ग्लासातून बिअर इस्पितळात पितात! तीही कुणी देत नाही!”

बेकरीवालीने वाइनचा ग्लास सुचवला. त्यावर तिचाच नवरा म्हणाला की तो काही फ्रेंच नाही, आणि तो येणारच नाही. पोस्टमनने प्रकृतीचं कारण कळवलं. शुक्रवारपर्यंत बारापैकी अकरा जणांना काही ना काही झालेलं होतं. बारावी गोडेलीव. ती स्वतः फाटकापर्यंत आली आणि तिने कागद वाचला. “फिर्मिन, मी येईन. पण प्रत्येकाच्या हातात वेगळ्याच तऱ्हेचा ग्लास असेल तर ते चाखणं मी धरणार नाही. कॉफीचं यंत्र सोमवारी सकाळी नऊला येतंय.”

त्या दिवशी फिर्मिन धुणंघरात पातेल्यावर बसून राहिला. दोनशे तेहेतीस बाटल्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि रागावण्यासारखं माणूस एकच होतं, तेही पातेल्यावर बसलेलं. लुटगार्ट दारात आली.

“एकसारखे, बिनानावाचे, आणि ज्याचे त्याच्या मालकीचे,” ती म्हणाली. “असे ग्लास गावात एकाच घरी आहेत.”

“कुणाच्या?”

“तू बघायचा नाहीस तिकडे. मान आखडेल.” आणि तिने कुंपणाकडे मान वळवली.

शनिवारी दुपारी फिर्मिन कुंपणाला वळसा घालून ओमेरच्या फाटकातून आत गेला. सत्तावीस वर्षांत तो या फाटकातून गेला नव्हता. एक्याऐंशी वर्षांचा ओमेर कबुतरखान्यासमोर खुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसला होता. त्याने मान न वळवता बोट ओठांवर ठेवलं. सकाळी फ्रान्समधून शर्यतीची कबुतरं सुटली होती आणि आता कुठल्याही क्षणी यायची होती. अशा वेळी आमच्याकडे कुणी बोलत नाही, हलत नाही आणि शिंकत तर मुळीच नाही. परकं माणूस दिसलं तर कबुतर छपरावर बसून राहतं, खाली येत नाही, आणि शर्यत जाते. फिर्मिन उलट्या बादलीवर बसला. माफी मागायला आलेल्या माणसाला पन्नास मिनिटं तोंड बंद ठेवून बसायला लावण्याइतकी मोठी शिक्षा नगरपालिकेच्या कुठल्याच परिच्छेदात नाही. तयार करून आणलेलं ऐटबाज भाषण तो विसाव्या मिनिटाला विसरला. पस्तिसाव्या मिनिटाला त्याच्या नाकावर माशी बसली. त्याने तिला बसू दिलं.

अखेर एक करडं कबुतर खाली उतरलं, फळीवरून आत गेलं आणि वेळ नोंदवणाऱ्या यंत्राने टिंग केलं. ओमेरने श्वास सोडला. “बोल.”

“ग्लास हवे होते,” फिर्मिन म्हणाला. भाषणातलं एवढंच उरलं होतं.

“अर्ज आणलायस?”

“काय?”

“लेखी अर्ज. कारणासहित.” ओमेरने खिशातून पेन्सिल आणि शर्यतीचा जुना कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

फिर्मिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उठून जावं असं त्याच्या मनात आलं. मग फळीवरची ती पुसलेली जागा त्याच्या डोळ्यांसमोर आली आणि तो लिहू लागला. ‘कारण’ या शब्दापुढे तो थांबला. मग त्याने लिहिलं: ‘तुमचं गॅरेज मी नियमाप्रमाणे बंद केलं. नियम चुकीचा होता. तो मी लिहिला होता. त्या दिवशी माझं चुकलं.’

ओमेरने कागद हात लांब करून वाचला. त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. “तीन प्रती लागतात,” तो म्हणाला.

फिर्मिनने तीन प्रती लिहिल्या. ‘माझं चुकलं’ हे तिसऱ्यांदा लिहिताना हाताला सवय होते, हे त्याला तेव्हा कळलं.

मग ओमेर त्याला गॅरेजमध्ये घेऊन गेला. लाकडी खोक्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ग्लास होते, जाड काचेचे, आखूड दांड्याचे, साधे. ओमेरने एक उचलून उलटा केला. बुडाला तांबड्या रंगात आकडा होता: ४. “हा आमच्या पोस्टमनच्या बापाचा. पाच नंबर बेकरीवाल्याचा. प्रत्येकाने आपला विकत घेतला होता, मी फक्त धुऊन ठेवायचो. तू आलास, मोजलेस. एक तरी उलटा करून पाहिलास?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत फिर्मिनला इतकं अचूक कुणी पकडलं नव्हतं.

“तू हात लावू नकोस,” ओमेर म्हणाला. “तू यजमान. तू दिलेस तर परिच्छेद सात. मी ज्याचा त्याला पोचवतो.” आणि एक्याऐंशी वर्षांचा तो माणूस ढकलगाडीवर खोकी लादून गावात निघाला. जे हयात होते त्यांना त्यांचा ग्लास मिळाला, जे गेले त्यांच्या बायकांना, मुलांना. गोडेलीवच्या दारात तो नऊ नंबर घेऊन उभा राहिला.

“हा कुणाचा?” गोडेलीवने विचारलं.

“गेरार्डचा.”

“माझ्या गेरार्डचा? तो तुझ्याकडे यायचा? मला म्हणायचा कालव्यावर फिरायला जातो!”

“कालव्यावरूनच यायचा,” ओमेर म्हणाला.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि कॅफेवाल्या बाईचा नवरा दर रविवारी दुसरीकडे पीत होता. गोडेलीवने ग्लास हातात घेतला आणि तिला इतकं हसू आलं की तिला खुर्ची द्यावी लागली.

रविवारी चार वाजता फिर्मिनच्या बागेत बारा माणसांची सोय होती आणि एकतीस माणसं आली. हातात एकसारखे ग्लास, आणि आजारी कुणीच नव्हतं. लुटगार्टने चीजचे तुकडे, मोहरी आणि सॉसेज मांडलं आणि ते दहा मिनिटांत संपलं. फिर्मिन बाटलीच्या झाकणाला चावी लावणार तेवढ्यात फाटकाशी आनेलीस उभी. हातात वही.

“थांबा, साहेब. आधी ग्लास बघते.”

तिने पहिला ग्लास घेतला आणि उलटा केला. एक नंबर. नाव विचारलं, लिहिलं. मग दुसरा. “तुम्हीच शिकवलंत, वस्तू सगळ्या बाजूंनी पाहावी,” ती म्हणाली. ओमेरने खोकल्यासारखं केलं. एकतीस ग्लास होईपर्यंत पाऊण तास गेला, बिअर कोमट होत चालली, आणि प्रत्येक जण छाती पुढे काढून सांगत होता, “हा माझा ग्लास आहे.” गोडेलीवनेही सांगितलं. जरा जोरातच सांगितलं.

आनेलीसने वही मिटली. “पुरवलेला ग्लास एकही नाही. घरगुती आहे. चालू द्या.”

पहिली ट्रिपल उघडली आणि तिने एतियेनच्या शर्टाचा पुढचा भाग पूर्ण भिजवला. दीड चमचा! मग सगळ्यांनी बाटल्या हातभर लांब धरून उघडल्या आणि काम सुरू झालं. आमच्या गावचं बिअर चाखणं म्हणजे प्रार्थनेसारखं असतं, फरक एवढाच की लक्ष लागलेलं असतं. ग्लास उन्हाला धरायचा, नाक घालायचं, एक घोट घेऊन समोरच्या झाडाकडे बघायचं आणि लगेच बोलायचं नाही. सोनेरीवर पोस्टमन म्हणाला, धने जरा पुढे पुढे करतायत. बेकरीवाला म्हणाला, संत्र्याची साल मागून येते आणि बरं वाटतं. तपकिरीवर कुणीच काही बोललं नाही, फक्त ग्लास पुन्हा पुढे आले. ट्रिपल पिऊन एतियेनने ओला शर्ट पिळला आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, “दाजी, यात काही सुचवण्यासारखं नाही.” त्याच्या तोंडून हे ऐकून लुटगार्ट खुर्चीवर बसली.

गोडेलीवने तिन्ही चाखल्या. ट्रिपलचा दुसरा घोट घेतला, मग तिसरा. सगळी बाग तिच्याकडे बघत होती. तिने रिकामा ग्लास रुमालाने पुसला, उलटा करून नऊ आकडा पाहिला आणि पर्समध्ये ठेवला. “हा फळीवर जाणार,” ती म्हणाली. “कॉफीचं यंत्र मोरीत बसेल.”

लोक ओरडले, टाळ्या वाजल्या, पोस्टमनने बेकरीवालीला मिठी मारली आणि तिच्या नवऱ्याने त्याला दुसरी बाटली देऊन तिला सोडवून घेतलं. या सगळ्या गडबडीत आनेलीसचं लक्ष गेलं. “साहेब, तुम्ही चाखली नाहीत? तुमचा ग्लास कुठाय?”

फिर्मिनकडे ग्लास नव्हता. एकतीस माणसं, एकतीस ग्लास. घरात कपाटभर होते, पण आज या बागेत त्यातला एकही चालला नसता, आणि हे सगळ्यात आधी त्यालाच माहीत होतं. “मला काय,” तो ताठ उभा राहून म्हणाला, “मी पातेल्यातूनच चाखली आहे.” पण आवाज काही ताठ नव्हता.

ओमेर उठला. हळूहळू, गुडघ्यांवर हात देत. त्याने कोटाच्या मोठ्या खिशातून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली. कागद पिवळा पडला होता आणि त्यावरची तारीख सत्तावीस वर्षांपूर्वीची होती.

“हा गेली सत्तावीस वर्षं वेगळा ठेवलाय,” तो म्हणाला. “तू शेजारी. मला वाटायचं, आज ना उद्या येशील. रंगवूनसुद्धा ठेवला होता. तू आलास, पण वही घेऊन आलास.”

फिर्मिनने ग्लास घेतला. या वेळी त्याने तो उलटा केला. बुडाला तांबडा आकडा होता: ३२. त्याने तो पुन्हा वाचला, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग त्याने ट्रिपलची बाटली उघडली आणि ग्लासाकडे न बघता, ओमेरकडे बघत ओतू लागला. फेस काठावर चढला, काठ ओलांडून बोटांवरून खाली आला आणि बुटांवर पडला. एकतीस माणसं श्वास रोखून बघत होती, कारण असं ओतून आमच्याकडे कुणी आपल्या शत्रूलाही देत नाही.

“फेस जास्त झाला,” ओमेर म्हणाला.

फिर्मिनने ओठांवर फेस लागू देऊन एक मोठा घोट घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसायच्या भानगडीत तो पडला नाही. “हा माझा ग्लास आहे,” तो म्हणाला. “मला हवा तेवढा फेस काढीन.”